बैठ्या घरातला जिना

जिना आला तेव्हा ताई प्लॉटवर नव्हती, नाहीतर तो फाटकातूनच परत गेला असता. ती आली तर ट्रक अर्धा आत, अर्धा रस्त्यावर, आणि तिच्या भावाची माणसं एक अख्खाच्या अख्खा लाकडी जिना आडवा धरून चिखलातून वाट काढत होती. कठड्यासकट. भाऊ पुढे उलटा चालत ओरडत होता, "डावीकडं घे, डावीकडं! अरे, तुझं डावं!"

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"जिना."

"ते दिसतंय मला. आपलं घर बैठं आहे, पाडू."

"म्हणून काय झालं? राहू दे. लागेल कशाला तरी."

"जिना चढायला लागतो. इथून चढून मी कुठं जाऊ, आभाळात?"

माणसं हसली. पाडू हसला नाही, आणि तेच ताईला खटकलं. एरवी त्याची कुणी टर उडवली तर पहिला तोच हसायचा. त्याने जिना कुंपणाला टेकवून ठेवायला लावला, वर पोती घातली, पोत्यांवर ताडपत्री ओढली आणि तिचे कोपरे दोरीने बांधले. तापाने फणफणलेल्या माणसाला पांघरूण घालावं, तसं. मग "येतो गं" म्हणून ट्रकमध्ये चढला.

पाडू हे त्याचं घरातलं नाव. लहानपणी हातात दिलेली वस्तू हमखास खाली पाडायचा, म्हणून ताईनेच ठेवलेलं. मोठेपणी त्याने धंदाही नावाला शोभेल असाच निवडला. जुन्या इमारती पाडायचा. पण मशीन लावून दिवसभरात घराचा भुगा करणं त्याला जमत नसे. तो घर उसवायचा. आधी छप्पर, मग वासे, मग दारं-खिडक्या चौकटींसकट, मग फरशा, शेवटी पायाचे दगड. निघालेलं सगळं त्याच्या वखारीत जायचं आणि तिथून ज्याला हवं त्याच्याकडे.

ताई गाडी चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक होता, आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून तिच्या पायाला तशी सवयच लागली होती. दवाखान्याच्या बाकावर, केस कापायच्या खुर्चीत, कुणाशी बोलतानासुद्धा तिचा पाय मधूनच जमीन दाबायचा. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती भाड्याच्या घरांत राहिली होती. एका घरात भिंतीला खिळा मारायची बंदी, दुसऱ्यात मालकीण स्वतःच्या किल्लीने केव्हाही आत. किती घरं बदलली ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. मग शहराच्या टोकाला हा जमिनीचा तुकडा मिळाला. घर पाहावं बांधून म्हणतात. ते तिने ऐन पन्नाशीत बांधून पाहायला घेतलं.

घर मातीचं बांधायचं, हे तिने आधीच ठरवलं होतं. पूर्वी ती शिकवायला जायची तिथं वाटेत एक मातीचं घर लागायचं. एकदा भर उन्हात पाणी मागायला ती आत शिरली, आणि आतला गारवा तिच्या अंगात जाऊन बसला तो बसलाच. मिस्त्री शोधला तोही असली घरं बांधणारा. त्याला बोलायची भारी हौस. पहिल्याच दिवशी त्याने प्लॉटवरची माती बरणीत भरली, पाणी घालून खळखळ हलवली आणि बरणी ताईसमोर धरून म्हणाला, "बघा मॅडम. तळाला वाळू, मधे गाळ, वर चिकण. या मातीत नुसती थोडी वाळू घातली की झालं. ही माती घर व्हायची वाटच बघत बसली होती."

पायासाठी खणलेली तीच माती. तिच्यात वाळू आणि पेंढा घालून पायांनी तुडवायची, गोळे करून थरावर थर चढवायचे, एक थर आवळला की पुढचा. भिंती हातभर जाड. बाकी सगळं जुन्या घरांतून निघालेलं, म्हणजे पाडूच्या वखारीतलं. नवीन वस्तू शक्यतो आणायचीच नाही, असं बहीण-भावांनी ठरवलं.

सुरुवातीचे दिवस फार मजेत गेले. पाडू फोन करायचा, "ताई, एक चौकट मिळालीय, काय लाकूड आहे, ठोकलं की घंटेसारखं वाजतं!" आणि ती तास संपला की गाडी तशीच वखारीकडे वळवायची. दोघं मिळून लाकडातले खिळे उपसायचे, वाकडे सरळ करायचे, सरळ होणार नाहीत ते डब्यात टाकायचे. लहानपणी एकत्र राहिली त्यानंतर इतका वेळ ती दोघं कधीच सोबत नव्हती.

पण पुढे पुढे फोन यायचा बंद झाला आणि नुसता माल यायला लागला. एक खिडकी भिंतीपेक्षा मोठी निघाली, तर पाडूने मिस्त्रीला सांगून भिंतच पुढे घेतली. स्वयंपाकघराचं दार ताईला साधं हवं होतं. आलं ते जाडजूड, दोन झडपांचं, वर रंगीत काचेची पट्टी असलेलं. काच सुंदर होती, त्यामुळे नाही म्हणता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हळूहळू मिस्त्री सकाळी तिला विचारायचं सोडून पाडूची वाट बघायला लागला.

आणि आता हा जिना.

त्या आठवड्यात ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाणी कुठंतरी मुरत होतं. पाडू तिच्या आधी प्लॉटवर असायचा आणि ती निघाली तरी जायचं नाव घेत नसे. एकदा तिला अर्धवट भिंतीच्या कोनाड्यात दाढीचं सामान दिसलं. एकदा कुंपणावर त्याचा शर्ट वाळत होता, स्वतः धुतलेला. कॉलरची घाण तशीच होती.

"घरी पाणी नाही का?" तिने विचारलं.

"काम लवकर सुरू होतं. इथंच उरकतो."

भावजय कशी आहे, असं विचारलं की "मजेत" म्हणायचा आणि लगेच माती तुडवायला उतरायचा. गाडी शिकवताना तिचं लक्ष उडू लागलं. एका चौकात शिकणाऱ्या बाईने समोरून येणारी सायकल पाहिली नाही, आणि ताईनेही उशिरा पाहिली. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. सायकलवाला मनसोक्त शिव्या देऊन गेला. ती बाई रडायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "तुमची नाही, माझी चूक. आज एवढंच पुरे." आणि दुपारचे बाकीचे तास रद्द करून ती थेट प्लॉटवर गेली.

पूर्वेच्या भिंतीजवळ मचाण बांधलं होतं. मिस्त्री वर उभा राहून, अजून पुरत्या न वाळलेल्या भिंतीत छिन्नीने चौकोनी खाचा पाडत होता. एका ओळीत, सारख्या अंतरावर. पाडू खालून दोरी धरून ओळ सरळ आहे का ते बघत होता.

"या कसल्या खाचा?"

दोघंही दचकले.

"तुळयांसाठी," मिस्त्री म्हणाला. "वरच्या खोलीच्या."

"कुठली वरची खोली?"

मिस्त्रीने पाडूकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात, मॅडमना माहितीय."

"सांगणारच होतो," पाडू म्हणाला. "लहानशी खोली, ताई. जिना आहेच आपल्याकडं."

"एक जिना आहे म्हणून मजला चढवायचा? बटण सापडलं म्हणून कोट शिवतात का? आणि पायाचं काय? मिस्त्री, हा पाया वरचा मजला घेईल?"

मिस्त्री मान खाजवत म्हणाला, "तसा एका मजल्याचाच आहे. पण हे म्हणाले, हलकीशीच..."

"उतरा खाली."

तो उतरला, आणि पिंपात पाणी किती उरलंय ते बघायला निघून गेला.

"कुणासाठी खोली?" ताईने विचारलं.

पाडू दोरी गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तशी परत सोडली.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. एका दमात नाही. तिने एकेक शब्द उपसून काढला, खिळा काढावा तसा. तो घरी जात नव्हता. वखारीत पोत्यांवर झोपत होता. भावजयीने त्याला बाहेर काढलं नव्हतं, ती ओरडलीही नव्हती. ती फक्त बोलायची बंद झाली होती, आणि ते त्याला सहन झालं नाही.

"का बोलत नाही?"

"या जिन्यामुळं."

"म्हणजे?"

"तिच्या माहेरचा आहे हा."

भावजयीचे वडील घड्याळजी होते. खाली दुकान, वर घर, मधे हा जिना. ते गेल्यावर तिच्या भावाने घर विकलं. घेणाऱ्याला तिथं मोठी इमारत उठवायची होती. विकल्याचं तिला ठाऊक होतं. पाडायचं काम कुणी घेतलं, ते ठाऊक नव्हतं. पाडूने तिला सांगितलं होतं की एक जुनं गोदाम उतरवतोय. एक दिवस कसल्याशा कामाने ती त्या रस्त्याने गेली, तर ओळखीच्या दोन घरांच्या मधे मोकळं आभाळ होतं आणि खाली नवऱ्याची माणसं दगड भरत होती.

"का घेतलंस ते काम?" ताई म्हणाली.

"मी नसतं घेतलं तर दुसऱ्यानं घेतलं असतं! यंत्र लावून चुरा केला असता. मी एक एक वस्तू हातानं सोडवली ताई, एक काच फुटू दिली नाही. घर तर जाणारच होतं."

"मग तिला तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तिनं करू दिलं नसतं."

ते खरंच होतं. तिचा पाय जमीन दाबत होता. मग एकदम तिच्या लक्षात आलं, आणि तिने वळून घराकडे पाहिलं.

"पाडू. त्या घरातलं इथं आणखी काय आहे?"

तो गोल फिरत एकेक दाखवू लागला. पूर्वेच्या दोन्ही खिडक्या. स्वयंपाकघराचं दार. कोपऱ्यात रचलेल्या फरशा. "आणि पायाचे दगड," तो हळूच म्हणाला, "थोडेसे."

त्या संध्याकाळी ताई भावजयीच्या दुकानात गेली. भावजय चष्म्याच्या दुकानात होती. काचा तपासायची, काड्या घट्ट करायची. दोघींचं वाकडं कधीच नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. सणासमारंभाला भेटायच्या, एकमेकींच्या तब्येती विचारायच्या. ताईने गिऱ्हाईक जायची वाट पाहिली आणि मग सरळ सांगून टाकलं, की तुझ्या माहेरच्या खिडक्या माझ्या भिंतीत आहेत.

भावजयीच्या हातात कुणाचा तरी चष्मा होता. ती तो पुसत होती. पुसून झाला, उजेडात धरून पाहिला, परत पुसायला लागली.

"तुम्हाला माहीत होतं, ताई?"

"आज दुपारी कळलं."

"मला ते घर गेल्याचं नाही इतकं," ती म्हणाली. "दादा विकणारच होता. पण ह्यांनी महिनाभर रोज येऊन मला गोदामाच्या गोष्टी सांगितल्या. तिथं म्हणे घुबड होतं. खोटं घुबडसुद्धा रचलं! आणि मी रोज ह्यांचे शर्ट धूत होते. बाबांच्या घराची धूळ मी माझ्या हातांनी मोरीत सोडली, आणि मला पत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी ती प्लॉटवर आली. पाडू तिला पाहून पिंपामागे गेला, मग तिथं उभं राहणं बावळटपणाचं वाटून पुढे आला. ती त्याच्याकडे न बघता घरात शिरली. छप्पर अजून नव्हतं. वाऱ्याने भिंतींना चिरा जाऊ नयेत म्हणून ओली पोती टांगलेली होती. पोती बाजूला सारत सारत ती पूर्वेच्या भिंतीपाशी पोचली आणि बराच वेळ उभी राहिली.

"ही उलटी बसवलीय," ती म्हणाली.

"काय?" मिस्त्री म्हणाला.

"खिडकी. वरचं खाली केलंय. ही झिजलेली बाजू खाली असते. बाबा इथं कोपर टेकून रस्त्यावर बघायचे."

"बाई, कडी नीट लागते, झडप नीट फिरते..."

"उलटी आहे."

मिस्त्रीने वीस घरं बांधल्याचं सांगायला सुरुवात केली. ताई म्हणाली, "काढा आणि सुलटी बसवा." तो रागाने लाल झाला, पण त्याने काढली. कडेची माती तासून, खालून टेकू देऊन चौकट सोडवायला दिवस मोडला. भिंतीचा एक लपका सुटून पडला तो वेगळाच.

त्यानंतर भावजय रोज यायला लागली. दुकान सुटलं की थेट इकडे. नवऱ्याशी बोलायची नाही, पण त्याच्या देखत मिस्त्रीशी आणि ताईशी भरपूर बोलायची. दुसऱ्या खिडकीला निळा रंग होता, तो खरवडू नका. फरशा अशा लावायच्या नाहीत, त्यांची नक्षी चार-चारची जुळते. दाराच्या काचेवर ऊन यायला हवं, तिथं तर सावली पडतेय, दार पलीकडे घेता येईल का? पाडू तिचा शब्द संपायच्या आत पहार उचलायचा. तिने म्हटलं असतं तर त्याने चंद्रसुद्धा पलीकडे घेतला असता.

आणि ताई मधल्या मधे. घर पुढे जात नव्हतं. भिंती एकीकडे वाळत होत्या, दुसरीकडे फोडल्या जात होत्या. शिकवायला बसली की तिला प्लॉटवर काय तोडत असतील त्याची धास्ती, आणि प्लॉटवर आली की तिथून पळावंसं वाटायचं. भाड्याच्या घरात किल्लीवाली मालकीण होती. इथं मालक दोन झाले, आणि ती भाडेकरूच राहिली.

एका रविवारी भावजय म्हणाली, "ताई, ही भिंत जरा अलीकडे घेतली ना, तर अगदी बाबांच्या खोलीएवढी खोली होईल."

ताईच्या हातात मातीचा गोळा होता. तो तिने परत ढिगावर टाकला.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, हातभरच..."

"नाही म्हटलं ना. हे माझं घर आहे. तुझं माहेर मी पाडलं नाही, आणि ते इथं परत उभंही करणार नाही."

भावजयीचा चेहरा उतरला. पाडू मधे पडायला गेला, "ताई, जाऊ दे ना, ती जरा..."

"तू तर बोलूच नकोस! तुला बायकोशी बोलायचं धैर्य नाही म्हणून माझ्या भिंतींना भोकं पाडतोयस. तुझा गुन्हा तू माझ्या दारात आणून ठेवलास, वर ताडपत्री घातलीस, आणि म्हणतोस लागेल कशाला तरी!" मग ती भावजयीकडे वळली. आवाज खाली आला, पण शब्द तेवढेच कडक होते. "तुझ्या घरातलं जे हवं ते घेऊन जा. खिडक्या म्हणालीस तर खिडक्या काढून देते. फरशा ने. पण आज काय ते सांग. जे राहील ते माझं. मग त्याला मी हवा तो रंग देईन, हवं तर उलटं बसवेन."

भावजय तिथल्या पोत्यावर बसली. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. चप्पल काढून तिने पायाला लागलेली माती बोटाने निपटली.

"वन्सं," ती म्हणाली. हा शब्द तिने लग्नानंतर पहिल्या वर्षातच टाकून दिला होता. फार राग आला की तेवढा निघायचा. "वन्सं, इतकं तोडून बोलायची गरज नव्हती."

"होती. मला इतके दिवस बोलता येत नव्हतं."

कुठूनतरी मिस्त्रीच्या रेडिओचा आवाज येत होता. शेवटी भावजय उठली.

"दार द्या," ती म्हणाली. "काचेचं. बाकी राहू दे."

"आणि जिना?" पाडूने विचारलं. इतक्या दिवसांत त्याने तिला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. "त्याची एक पायरी हलू दिली नाही मी. अख्खा आणला. तुझ्यासाठीच..."

भावजयीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"त्या जिन्यावरून बाबांना शेवटचं खाली आणलं," ती म्हणाली. "वळणावर अडकले होते. वाकडं करावं लागलं. मला तो जिना डोळ्यांसमोर नको."

पाडू ताडपत्रीकडे बघत राहिला. त्या घरातली सगळ्यात अवघड वस्तू त्याने सगळ्यात जास्त जपून आणली होती.

दार त्याच दिवशी ट्रकमध्ये चढलं. दुसऱ्या दिवशी ताई घाटात एका तरुणाला चढावर थांबलेली गाडी पुढे काढायला शिकवत असताना भावजयीचा फोन आला. "ताई, दार बसत नाहीये. आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराचं भगदाड म्हणजे उंदराचं बीळ आहे. दार मधल्या खोलीत आडवं पडलंय, त्याच्यावरून उड्या मारत चालतेय मी."

"मग पाडणाऱ्या माणसाला बोलव की."

पलीकडून दाराला पाय अडखळल्याचा आवाज आला.

"तुम्ही सांगा त्यांना," भावजय म्हणाली.

"मी नाही सांगणार. नंबर आहे ना तुझ्याकडे?"

तिने फोन केलाच असावा, कारण पाडू त्या दिवशी प्लॉटवर फिरकला नाही. पुढची हकीकत ताईला तुकड्या-तुकड्यांनी कळली. जन्मभर दुसऱ्यांची घरं पाडलेल्या माणसाने स्वतःच्या घरात पहिल्यांदा हातोडा उचलला, आणि पहिल्याच घावात भिंतीतला पाण्याचा नळ फोडला. स्वयंपाकघर पाण्याने भरलं. खालच्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन वर आले. आणि नवरा-बायको गुडघ्यांवर बसून फडक्यांनी पाणी निपटत असताना, तिला जे बोलायचं होतं ते सगळं ती बोलली. घुबडापासून सुरुवात केली. तो ऐकत राहिला. मधे एकदाच म्हणाला, "चुकलं माझं," तर ती म्हणाली, "ते माहितीय, फडकं पिळ."

तो घरी परतला, पण सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. कितीतरी दिवस तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपायचा, आणि त्याचे शर्ट तोच धुवायचा. दार मात्र बसलं. फ्लॅट केवढा, दार केवढं. नाकापेक्षा मोती जड. पण सकाळी काचेतून उजेड यायचा तेव्हा भावजय तिथं उभी राहून चहा प्यायची, असं पाडूने सांगितलं.

इकडे ताईने मिस्त्रीला समोर बसवलं. "यापुढं जे विचारायचं ते मला. मी तासाला असले तर थांबायचं." मिस्त्री म्हणाला, "मी तर पहिल्यापासून तेच म्हणत होतो," आणि ताईने ते सोडून दिलं. खाचा मातीने भरून घेतल्या. पश्चिमेच्या भिंतीतल्या खिडक्यांना आणि मधल्या दाराला वर आडवं जाड लाकूड लागणार होतं. मातीच्या भिंतीत भोक ठेवायचं तर वरचा भार कशावर तरी तोलावा लागतो. मिस्त्री कुंपणाकडे बघत म्हणाला, "पायऱ्या एकदम बरोबर होतील, मॅडम. दोन-दोन जोडून. असलं लाकूड आता मिळत नाही."

ताईने भावजयीला फोन केला. विचारायची गरज नव्हती. जे राहील ते माझं, हे तिनेच ठरवलं होतं. तरी केला.

"भिंतीत जाणार ना?" भावजयीने विचारलं. "वर गिलावा येणार?"

"चुन्याचा. दिसणार नाहीत."

"मग जाऊ देत."

पाडू स्वतः येऊन जिना सोडवून गेला. इतक्या जपून आणलेल्या जिन्याच्या पायऱ्या त्याने एक एक करून उचकटल्या. कठडा वखारीत घेऊन गेला. कुणीतरी बाल्कनीसाठी नेला म्हणे.

छप्पर चढलं. चुन्याचा गिलावा झाला. एका खोलीत मिस्त्रीचं प्रमाण चुकलं आणि तो पापडासारखा सुटून आला, तेव्हा परत केला. भावजय एकदा येऊन गेली, फरशा पाहिल्या. नक्षी चार-चारची जुळली नव्हती. ती काही बोलली नाही. ताईला तिच्या गप्प बसण्याचे कष्ट दिसले.

ताई राहायला गेली तेव्हा भिंती आतून अजून पुऱ्या वाळल्या नव्हत्या. तिला धीर नव्हता. पण गेली आणि तिथंही तिचं मन लागेना. आयुष्यभर पलीकडच्या घरातला टीव्ही, वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकवल्याचा आवाज, जिन्यातली भांडणं ऐकत राहिलेली बाई ती. या जाड भिंतींतून कसलाच आवाज येईना. ती उगाच दारं उघडून बघायची. पलंग आधी पूर्वेच्या खोलीत ठेवला, मग मागच्या, मग परत पूर्वेच्या. खोके उघडावेत की नाही ते ठरत नव्हतं. कपडे एका खोक्यातून काढायची आणि त्यातच ठेवायची. खिळा मारायला आता कुणाची बंदी नव्हती, आणि कुठं मारावा तेच सुचत नव्हतं. पाडू म्हणाला, "सगळ्यांनाच होतं असं." तुला कसं माहीत, असं तिने विचारलं तर म्हणाला, "मी घरं पाडतो ना. माणसं किती दिवस रिकाम्या घरात येऊन उभी राहतात, मी बघतो."

एका दुपारी दोन तासांच्या मधे थोडी सवड होती. ऊन फार होतं. ती घरी आली, चपला कुठंतरी काढल्या, पाणी प्यायली आणि पलंगापर्यंत न जाता भिंतीला टेकून फरशीवर बसली. पाठीला गार लागलं. पायही लांब केले. फक्त पाच मिनिटं, असं ती मनाशी म्हणाली.

फोन किती वेळ वाजत होता कोण जाणे. तिने उचलला तेव्हा तोंडातून शब्दच फुटेना.

"मॅडम, मी चौकात उभा आहे कधीचा," तिचा विद्यार्थी म्हणत होता, बँकेतला नवा कारकून, अजून गिअर टाकताना डोळे मिटून घेणारा. "आज तास नाही का?"

"आहे. आहे रे. किती वाजले?"

त्याने सांगितलं. ताई ताडकन उठून बसली. खिडकीतलं ऊन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं होतं.

"बऱ्या आहात ना, मॅडम? मी तुमच्याकडे येऊन गाडी घेऊन येऊ का?"

"गाडीला हात लावायचा नाही! तिथंच थांब," ती म्हणाली, आणि गालावर उमटलेल्या फरशीच्या नक्षीसकट घरभर चपला शोधत फिरायला लागली.